जीर्णोद्धार : विमानांचा आणि आठवणींचा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या दिल्लीच्या उत्तरेस रिजच्या टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. टेकडीच्या पायथ्याशी बाडा हिंदूराव नावाची वस्ती आहे. बसच्या पाटीवर, रिक्षावाल्याच्या तोंडी आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर हे नाव दिल्लीत रोज शेकडो वेळा लिहिले आणि उच्चारले जाते. परंतु हे हिंदूराव कोण, असे विचारले तर उत्तर देणारा क्वचितच भेटतो. हिंदूराव म्हणजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातील सरदार, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर ते दिल्लीत येऊन राहिले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, आणि त्यानंतर त्याची टेकडीवरील हवेली हिंदूरावांकडे आली. १८५७ मध्ये, ते हयात नसताना, त्याच हवेलीच्या आश्रयाने इंग्रजांनी रिजवर ठाण मांडले आणि तिच्या भिंतींनी तोफगोळे झेलले. हवेलीचे पुढे रुग्णालय झाले. नाव टिकले, त्या नावामागचा माणूस मात्र लोकांच्या स्मरणातून गेला.

याच टेकडीवर, रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर, अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणवून येथे उभारला. अठराव्या शतकाच्या आरंभी एका स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. ते तुकडे जोडून १८६७ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला. सांधे आजही दिसतात. परंतु या स्तंभाच्या बाबतीत तुटण्याहूनही मोठी हानी त्याआधी कित्येक शतके झालेली होती. त्यावर काय लिहिले आहे हे फिरोजशहाच्या काळात कोणालाही वाचता येत नव्हते. दगड शाबूत होता, अक्षरे शाबूत होती, पण ब्राह्मी वाचणाऱ्यांची साखळी तुटली होती. ती लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली, तेव्हा कुठे हे दगड पुन्हा बोलू लागले.

मागे राहिलेली वस्तू आणि ती जाणणारा माणूस यांच्यातील हा दुवा तुटला की काय होते, हे हिंदूरावच्या टेकडीवर असे दोनदा पाहायला मिळते. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र हा दुवा तुटता तुटता वाचल्याची कथा आहे. ती दगडाची नाही, ॲल्युमिनियमची आहे. दुसऱ्या महायुद्धातील काही विमाने दुरुस्त होऊन पुन्हा आकाशात गेली आणि ती चालवलेल्या वृद्ध माणसांना पुन्हा भेटली, त्यांची ही कथा. तिचा एक टप्पा दिल्लीच्या अगदी शेजारी, यमुनेपलीकडे हिंडनच्या हवाई तळावर घडला, आणि तिचे काही धागे सोलापूर, पुणे आणि कोल्हापूरपर्यंत पोहोचतात.

प्रथम हिंडनची हकिकत. ४ मे २०१८ रोजी भारतीय हवाई दलाच्या विंटेज फ्लाइटमध्ये, म्हणजे जुनी विमाने उडत्या स्थितीत जपणाऱ्या पथकात, एक डाकोटा विमान समारंभपूर्वक दाखल झाले. त्याला ‘परशुराम’ हे नाव देण्यात आले आणि त्याच्या अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवण्यात आला. हे विमान १९४४ मध्ये बांधलेले. महायुद्धानंतर ते ब्रिटनमध्ये नागरी कामांसाठी वापरले गेले आणि अखेरीस निकामी होऊन पडले. खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते २०११ मध्ये विकत घेतले आणि ब्रिटनमध्येच त्याची संपूर्ण दुरुस्ती करवून घेतली. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे हवाई दलात डाकोटा चालवणारे वैमानिक होते. वडिलांच्या सन्मानार्थ ते विमान हवाई दलाला भेट द्यावे, ही पुत्राची इच्छा. पहिल्या प्रयत्नात सरकारने ही भेट स्वीकारली नाही. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना प्रस्ताव पुन्हा हाती घेतला गेला आणि मार्ग मोकळा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांनी दानपत्र स्वीकारले. १७ एप्रिलला विमान इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीहून निघाले आणि युरोप व अरब देशांत मुक्काम करीत, चौऱ्याहत्तर वर्षांचे ते यंत्र स्वतःच्या पंखांवर जामनगरला उतरले. तेथून ते हिंडनला आले. परशुरामाने समुद्र हटवून भूमी निर्माण केली, ही कथा केरळही सांगतो आणि कोकणही सांगते. केरळच्या वैमानिकासाठी सिद्ध झालेल्या विमानाला ते नाव मिळावे, हे मराठी माणसालाही आपलेसे वाटणारे आहे.

व्हीपी ९०५ या क्रमांकाचा अर्थ दिल्लीकरांना विशेष कळायला हवा. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून डाकोटा विमाने श्रीनगरकडे निघाली. त्यांत शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान होते. टोळीवाले बारामुल्लापर्यंत पोहोचले होते, आणि श्रीनगरची धावपट्टी अजून आपल्या हाती आहे की नाही, याचीही खात्री नव्हती. विमाने उतरली, जवान उतरले. त्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला धारातीर्थी पडले. पुढील दिवसांत हवाई दलाची आणि नागरी कंपन्यांची डाकोटा विमाने दिल्ली–श्रीनगर अशा फेऱ्या अव्याहत करीत राहिली. व्हीपी ९०५ हे त्या पहिल्या दिवसाच्या विमानांपैकी एक. पुढल्या वर्षी, २४ मे १९४८ रोजी, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी साडेदहा हजार फुटांहून उंच असलेल्या लेहमध्ये डाकोटा उतरवले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. हिमालयाच्या रांगा ओलांडताना लागणारी उंची त्या विमानाच्या बेतापलीकडची होती. आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे ज्या विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरले, त्यांतही डाकोटा होती. तेथे उतरलेली दुसरी पॅरा पलटण ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तीच पलटण पाच दिवसांनी ढाक्यात सर्वांत आधी शिरणाऱ्या भारतीय तुकड्यांत होती. कितीतरी मराठी घरांत आजोबांच्या तोंडून डाकोटाचे नाव ऐकू आले असेल, ते या कारणाने.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हिंडनचे विमान हे काही १९४७ चे प्रत्यक्ष व्हीपी ९०५ नव्हे. ते त्याच जातीचे, त्याच काळातले दुसरे विमान. क्रमांक स्मरणार्थ रंगवलेला. मग ही भेट खरी की केवळ देखाव्याची? तिचे उत्तर विमानाच्या रंगात सापडणार नाही. ते त्याच्या इंजिनात शोधावे लागते.

डाकोटाला दोन इंजिने असतात. प्रत्येकात चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन वर्तुळाकार ओळींत मांडलेले, पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारे, सुमारे बाराशे अश्वशक्तीचे. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे हे ट्विन वास्प इंजिन. विमान काही काळ उभे राहिले की या इंजिनातील तेल हळूहळू झिरपून खालच्या बाजूच्या सिलिंडरांत साचते. अशा वेळी थेट कळ दाबून इंजिन सुरू केले तर तेल दाबले जात नाही, आणि आतला दांडा वाकतो किंवा मोडतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी माणसे पंख्याची पाती हाताने, मोजून, एकामागून एक फिरवतात. पाते कुठेतरी अडले, हाताला जड लागले, तर जाणता माणूस तेथेच थांबतो. ही सूचना पुस्तकात छापलेली असते. पण किती जड म्हणजे जास्त जड, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते हाताला कळावे लागते, आणि एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जावे लागते.

म्हणूनच वृद्ध वैमानिक आणि जुने विमान यांच्या भेटीकडे केवळ भावुक प्रसंग म्हणून पाहणे अपुरे आहे. त्या भेटीत डोळे ओलावतात, हे खरेच. परंतु त्याच वेळी, ज्याने हजारो तास त्या यंत्राचा आवाज ऐकला तो माणूस, आज ते यंत्र सांभाळणाऱ्या तरुण वैमानिकाच्या आणि तंत्रज्ञाच्या शेजारी उभा असतो. काय बरोबर वाजते आणि काय चुकीचे वाजते, हे सांगण्याची ती संधी असते. अशा संधी मोजक्याच येतात, कारण यंत्राचा भाग नवा घडवता येतो. नव्वदीतला माणूस नव्याने घडवता येत नाही. हिंडनची भेट खरी ठरते ती या अर्थाने. क्रमांक स्मरणार्थ असेल, पण पंख्याची पाती मोजून फिरवणारे हात खरे आहेत.

हे कसब भारतात आले कोठून, हा या कथेचा दुसरा आणि अधिक अभिमानास्पद भाग आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. देशात विमाने बनवावीत, हा त्यांचा संकल्प. परंतु महायुद्ध भारताच्या दारापर्यंत येऊन ठेपले, सरकारने कारखाना ताब्यात घेतला, आणि पुढे तो अमेरिकी हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र झाला. तेथे डाकोटा येत, बाँबफेकी विमाने येत, आणि कॅटलिना नावाच्या फ्लाइंग बोटीही येत.

फ्लाइंग बोट म्हणजे ज्याचे पोटच होडीसारखे घडवलेले असते आणि जे पाण्यावरून उडते व पाण्यावर उतरते असे विमान. हिंदी महासागरावर दिवसदिवस गस्त घालणे हे कॅटलिनाचे काम. ४ एप्रिल १९४२ रोजी लिओनार्ड बर्चल या कॅनडाच्या वैमानिकाने श्रीलंकेच्या दक्षिणेस कॅटलिनातूनच जपानी आरमार पाहिले आणि विमान पाडले जाण्याआधी त्याचा इशारा पाठवला. स्वतः बर्चल युद्धकैदी झाला, पण कोलंबो सावध झाले. अशा फ्लाइंग बोटी दुरुस्तीसाठी बंगळुरात आणायच्या, तर समुद्र शेकडो मैल दूर. म्हणून त्या कारखान्याजवळच्या बेल्लंदूर तलावावर उतरवत. तलावाकाठी राहणाऱ्या शेतकऱ्यांनी आकाशातून येऊन पाण्यात बसणारी ती होडी पाहिली, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट. कॅटलिनावर जी इंजिने होती ती ट्विन वास्प. डाकोटावरची ट्विन वास्प. आणि लिबरेटर नावाच्या चार इंजिनांच्या महाकाय बाँबफेकी विमानावरचीही ट्विन वास्पच. एक होडी, एक मालवाहू, एक बाँबफेकी. रूपे तीन, पण इंजिनाचे कुळ एक. बंगळूरच्या तंत्रज्ञांनी युद्धाच्या काळात हे इंजिन शेकडो वेळा उघडले, धुतले, जोडले आणि चालवून पाहिले. त्यांचे शिक्षण परक्या सैन्याच्या कामावर झाले. त्याचे फळ मात्र स्वतंत्र भारताच्या पदरात पडले.

ते असे. युद्ध संपले तेव्हा अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली लिबरेटर विमाने कानपूरच्या तळावर रांगांनी उभी होती. करार असा की, विमाने परत करावीत किंवा नष्ट करावीत. परत नेणे परवडणारे नव्हते. म्हणून ती जाणूनबुजून निकामी करून तशीच टाकून देण्यात आली. फाळणीनंतर भारताकडे अवजड बाँबफेकी विमान एकही नव्हते. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी कानपूरला जाऊन त्या भंगारातून निवड केली. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे करून त्यांनी विमाने निदान बंगळूरपर्यंत पोहोचतील इतपत जोडली. अशा अर्धवट दुरुस्त विमानांना कानपूरहून बंगळूरला उडवत नेण्याचे धाडस कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. बंगळुरात त्यांचा पूर्ण जीर्णोद्धार झाला. अशी चाळीसच्या आसपास विमाने १९४८ पासून हवाई दलात दाखल झाली. जी पुन्हा उडतील असे बाहेरच्या जाणकारांना वाटत नव्हते, ती पुढची वीस वर्षे उडाली.

जीर्णोद्धार हा शब्द मराठी माणूस देवळासाठी वापरतो. जुने पाडून नवे बांधणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. जुन्याची रचना समजून घेऊन, त्याला त्याच्या कामाला पुन्हा लावणे म्हणजे जीर्णोद्धार. आणि ज्याला एखाद्या गोष्टीचा जीर्णोद्धार करता येतो, त्याला ती गोष्ट नव्याने घडवण्याची वाटही दिसू लागते. याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावचा. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान भारतात आरेखित झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम आकाशात गेले. ते उडवणारे वैमानिक होते जमशेद मुन्शी. भंगारातली लिबरेटर ज्यांनी उडवली, त्यांनीच देशात घडलेले विमान प्रथम उडवले. दुरुस्ती आणि निर्मिती या वेगवेगळ्या वाटा नव्हेत, हे यातून दिसते. हिंदूरावांचे कागल आणि डॉ. घाटग्यांचे हसूरचंपू ही दोन्ही गावे एकाच कोल्हापूर जिल्ह्यातली. एकाचे नाव दिल्लीत सर्वांच्या तोंडी आहे आणि कार्य कोणाला ठाऊक नाही. दुसऱ्याचे कार्य देशभरच्या वैमानिकांनी अनुभवले आणि नाव मोजक्यांनाच ठाऊक आहे.

लिबरेटर विमानांचा पुढचा काळ पुण्यात गेला. हवाई दलाची सहावी स्क्वॉड्रन लोहगावहून ही विमाने घेऊन समुद्रावर टेहळणीला जात असे. ३१ डिसेंबर १९६८ रोजी ती निवृत्त झाली. तोपर्यंत जगातल्या इतर देशांनी आपली लिबरेटर विमाने केव्हाच वितळवून टाकली होती. महायुद्धात अठरा हजारांहून अधिक बांधली गेलेली ही जात. पण तिचे धड नमुने पाहायचे तर भारताकडे यावे लागू लागले. कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटन येथील संग्रहालयांना भारताने आपली लिबरेटर विमाने दिली. एक दिल्लीतच पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. शाळेच्या सहलीत अनेकांनी त्याच्या प्रचंड पंखांच्या सावलीत उभे राहून फोटो काढून घेतले असतील.

आणखी एक विमान निवृत्तीनंतर येथे नुसतेच पडून राहिले होते. ते १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने विकत घेतले आणि सुटे करून इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. दीर्घ दुरुस्तीनंतर १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले. मग ते गावोगावच्या विमानतळांवर जाऊ लागले आणि महायुद्धात लिबरेटर चालवलेली, त्यातून बाँबफेक केलेली, त्याच्या शेपटाकडच्या अरुंद जागेत बंदूक धरून बसलेली माणसे काठी टेकत, नातवंडांचा हात धरून त्याच्यापाशी येऊ लागली. कित्येकांनी घरात त्या वर्षांविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता. विमानाच्या पोटाखालून वाकून आत शिरताना शरीराला जागा आठवते, आणि जागा आठवली की माणूस बोलू लागतो. त्या भेटींतून कितीतरी मुलांना आपला बाप आणि कितीतरी नातवंडांना आपला आजोबा प्रथमच ऐकायला मिळाला. त्या अमेरिकन वृद्धांना हे विमान परत भेटू शकले, याचे एक कारण कानपूरच्या भंगारात आणि बंगळूरच्या कारखान्यात आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. भारतीय हातांनी ते वीस वर्षे उडते ठेवले नसते, तर जोडायलाच काही उरले नसते.

या कथेला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकणे योग्य नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच संस्थेचे दुसरे एक जुने विमान, बी-१७ जातीचे, अमेरिकेत विमानतळावर उतरताना कोसळले. सात माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबरच देखभालीतील उणिवाही नोंदल्या गेल्या, आणि त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेण्यात आली. त्यामुळे हा प्रश्न वाजवी आहे: ही विमाने उडवावीतच कशाला? पालमसारख्या संग्रहालयात ती सुरक्षित उभी का राहू नयेत? संग्रहालयाचे महत्त्व निर्विवाद आहे. तेथे वस्तू टिकते, मूल तिला पाहते, शिक्षक तिच्याविषयी सांगतो. परंतु उभ्या विमानाचे इंजिन कोणी उघडत नाही, पाती कोणी मोजत नाही, आणि एका पिढीत ते कसब संपते. उडत्या विमानाची देखभाल करणाऱ्याला मात्र ते रोज नव्याने शिकावे लागते. अपघाताचा धडा असा की, केवळ हौशीने परंपरा चालत नाही; तिला शिस्त लागते, तपासणी लागते, आणि चूक दिसली तर यंत्र जमिनीवर थांबवण्याचे धैर्य लागते. ‘आम्ही जुने जपतो’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. जपण्यासाठी ते पुरते यावे लागते.

पालकहो, शाळेच्या हीरक महोत्सवात विमानांच्या या कथेचे प्रयोजन आता स्पष्ट झाले असेल. दिल्लीतली मराठी हीसुद्धा अशीच दूरवरून आलेली आणि स्वतःच्या पंखांवर उडत राहायला हवी अशी गोष्ट आहे. सरकारी नोकरीत, सैन्यात, रेल्वेत, छापखान्यांत आणि दवाखान्यांत काम करायला मराठी माणसे या शहरात आली. पहिली पिढी मराठीत बोलली, भांडली, हिशेब केला, पत्रे लिहिली. दुसऱ्या पिढीने घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशी वाटणी केली. तिसऱ्या पिढीला आजीचे बोलणे समजते. पण उत्तर हिंदीत जाते. येथे भाषा नाहीशी झालेली नाही. ती पालमच्या विमानासारखी उभी आहे: गणेशोत्सवात, लग्नपत्रिकेत, आडनावात. पाहायला येते, वापरायला येत नाही. आणि त्यापुढची पायरी हिंदूरावच्या टेकडीवर दिसतेच: आडनाव राहते, अर्थ जातो, अक्षरे राहतात, वाचणारा जातो.

मराठी माध्यमाच्या शाळेने साठ वर्षे जे केले ते याच्या नेमके उलट आहे. तिने भाषा शोभेला न ठेवता कामाला लावली. गणित मराठीत सोडवायला लावले, विज्ञानाचा प्रयोग मराठीत लिहायला लावला, इतिहासाचे उत्तर मराठीत मांडायला लावले. ‘वर्ग’, ‘घन’, ‘घर्षण’, ‘बाष्पीभवन’ हे शब्द ज्या मुलाने फळ्यावर वापरले, त्याच्याजवळ मराठी चालत्या स्थितीत आहे. दिल्लीत असे शिक्षण देणे सोपे नव्हते आणि पुढे ते अधिक अवघड होणार आहे. शिक्षक मिळवणे, पुस्तके मिळवणे, पालकांना पटवणे, आणि परीक्षांच्या स्पर्धेत मुले मागे पडणार नाहीत याची खात्री देणे, हे सारे शाळेने करायचे आहे. त्यात ढिलाई करून चालणार नाही. जी शाळा भाषेच्या प्रेमापोटी शिकवण्याचा दर्जा सैल करील, ती त्या भाषेलाही घेऊन खाली येईल.

माजी विद्यार्थ्यांसाठी यातून एक साधे काम निघते. शाळेला देणगी द्यावी, हे योग्यच आहे. पण त्याबरोबर वर्षातून एक तास द्यावा. हवाई दलातून, सैन्यातून, रेल्वेच्या कार्यशाळेतून, रुग्णालयातून, न्यायालयातून निवृत्त झालेल्या प्रत्येकाने एकदा वर्गात यावे आणि आपले काम मराठीत समजावून सांगावे. परिचारिकेने जखम कशी बांधतात ते दाखवावे, फिटरने नट किती आवळायचा ते सांगावे, वकिलाने उलटतपासणी कशी घेतात ते सांगावे. मुलांनी प्रश्न विचारावेत आणि शिक्षकांनी ते तास ध्वनिमुद्रित करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत. हे काम पुढच्या उत्सवासाठी राखून ठेवता येणार नाही. तोपर्यंत आजच्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण बोलायला असतील, हे कोणीच सांगू शकत नाही.

आणि पालकांसाठी त्याहून साधे. मुलाला घेऊन एकदा हिंदूरावला जावे. टेकडीवरचा तो जोडलेला स्तंभ दाखवावा, कागलच्या घाटग्यांची हकिकत सांगावी. दुसऱ्या एखाद्या रविवारी पालमला जावे, लिबरेटरच्या पंखाखाली उभे राहून कानपूरच्या भंगाराची, पुण्याच्या लोहगावची आणि हसूरचंपूच्या घाटग्यांची गोष्ट सांगावी. ती मराठीत सांगावी, आणि मुलाचा प्रश्नही मराठीतच येऊ द्यावा. उत्तर लगेच सुचले नाही, शब्द आठवला नाही, तरी हरकत नाही. घरी परतल्यावर आजीला विचारावा.